घरी न सांगितलेला नोव्हेंबर

पत्राचा सारांश: गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली सतरा वर्षांची विद्यार्थिनी. दहावी झाल्यावर विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतून दहा महिने जर्मनीतल्या एका कुटुंबात राहिली आणि तिथल्या गिम्नाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेत, शिकली. परत आल्यावर अकरावीला बसली, तिच्या जुन्या मैत्रिणी बारावीत गेल्या. शाळेच्या वार्षिक अंकासाठी तिच्याकडून ‘जर्मनीतील शालेय जीवन’ असा लेख मागवला. तिनं लिहिलेला लेख ‘यात आपल्या शाळेचा अपमान होतो’ असं म्हणून बाईंनी परत केला. बाबांचं म्हणणं, एवढा खर्च केला आहे, चांगलं तेवढंच लिही. मैत्रिणी तिला ‘जर्मनीण’ म्हणतात. ती विचारते: ‘मी खरं लिहू, सगळ्यांना आवडेल ते लिहू, की लिहूच नको? आणि तिथेही परकी, इथेही परकी, असं का वाटतं?’ (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि हे छापायला तिची परवानगी घेतली आहे.)

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि परत आलेला लेख, दोन्ही समोर घेऊन बसले आहे. लेख चार पानांचा आहे. पत्राच्या शेवटी मात्र समासात, बारीक अक्षरात एक ओळ आहे: ‘नोव्हेंबरमध्ये मी मधल्या सुट्टीत रोज टॉयलेटमध्ये कडी लावून बसायचे. घरी हे सांगितलेलं नाही.’ मला वाटतं, तू पत्र लिहिलंस ते या ओळीसाठी. तिच्याकडे मी येते. आधी लेखाचं पाहू, कारण तो तुला पंधरा दिवसांत द्यायचा आहे.

लेखातलं तिसरं वाक्य असं: ‘जर्मनीत शिक्षक विद्यार्थ्यांना माणूस समजतात.’ बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढली आहे. मी एकतीस वर्षं हायस्कुलात शिकवलं, म्हणून आधी बाईंच्या जागी बसून ते वाचलं. त्याच्या पोटात दुसरं एक वाक्य आहे, की इथले शिक्षक समजत नाहीत. अठ्ठावन्न मुलांच्या वर्गासमोर उभं राहून, वह्यांचा गठ्ठा घेऊन कदंबाच्या बसमध्ये उभ्यानं घरी जाणाऱ्या बाईला ते लागणारच. पण तुझ्याच दुसऱ्या पानावर भौतिकशास्त्राच्या सरांची गोष्ट आहे. तू काहीतरी विचारलंस, त्यांना आलं नाही. ते म्हणाले, ‘मला माहीत नाही, बघून सांगतो,’ आणि दुसऱ्या दिवशी तास सुरू होताच आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. ही गोष्ट तू दोन ओळींत उरकलीस. अगं, सगळ्या लेखात तीच तर सोन्यासारखी आहे! ती सावकाश सांग. सर कसे दिसायचे, ‘माहीत नाही’ म्हणताना त्यांना लाज वाटली का, वर्ग हसला का, तुला त्या रात्री काय वाटलं. आपल्या शाळेतले सर ती वाचतील तेव्हा त्यांना कुणी काही सुनावल्यासारखं वाटणार नाही. एखाद्याला कदाचित ‘हे मलाही जमेल’ असं वाटेल. ‘माणूस समजतात’ हे वाक्य मग गाळलंस तरी चालेल.

विषयही जरा लहान कर. ‘जर्मनीतील शालेय जीवन’ तुझ्या आवाक्यातलं नाही, माझ्याही नाही. जर्मनीत सोळा राज्यं आहेत आणि शाळांचा कारभार प्रत्येक राज्य आपापला पाहतं. उन्हाळ्याची सुट्टीसुद्धा सगळीकडे एकदम लागत नाही. तू पाहिलीस ती एक शाळा, तिच्यातला एक वर्ग आणि चोवीस मुलं. तेवढ्याविषयी मात्र तुझ्याइतकं जाणणारं फोंड्यात दुसरं कुणी नाही. तिथली मुलं हात उघडा न धरता एक बोट वर करून बोलायची परवानगी मागतात, बाई वर्गात आल्या तर कुणी उभं राहत नाही, गणवेश नाही, दुपारचा खेळ शाळेत नसून गावातल्या क्लबात असतो. आणि गुण 1 ते 6, त्यात 1 सर्वांत चांगला. ‘गणितात एक मिळाला’ असं तू फोनवर सांगितलंस आणि आजी रात्रभर काळजी करत बसली, हे पत्रात आहे, लेखात का नाही? ते घाल.

आता एक वाक्य मात्र मला अडवलं पाहिजे. ‘तिथे मुलांवर अभ्यासाचा ताण नाही.’

तू ज्या वर्गात बसलीस तो गिम्नाझियमचा वर्ग होता. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. काही गिम्नाझियमला जातात, तिथून आबितूर ही शेवटची परीक्षा देऊन विद्यापीठात. काही इतर प्रकारच्या शाळांत जातात आणि त्यांतली बरीच पुढे कामधंद्याच्या प्रशिक्षणाला लागतात. नंतर वाट बदलता येते, पण सोपं नसतं. म्हणजे तुझ्या वर्गातली ती मोकळी, निवांत चोवीस मुलं दहाव्या वर्षी एका गाळणीतून गेलेली होती. आणि तू स्वतःच लिहिलं आहेस, की होस्ट आईचा, म्हणजे तू जिच्या घरी राहिलीस तिचा, धाकटा मुलगा चौथीत होता आणि पुढे कोणत्या शाळेत जावं याच्या शिफारसपत्राच्या आठवड्यात घरात कुणी धड जेवत नव्हतं. ताण होता, बाय. तो तुझ्या वर्गाच्या आधीच्या मजल्यावर होता, आणि जी मुलं तुझ्या वर्गात आलीच नाहीत त्यांच्या घरी होता. ‘माझ्या वर्गात मला ताण दिसला नाही’ असं लिहिलंस की वाक्य खरं होतं, आणि त्या धाकट्या मुलाला लेखात जागा मिळते.

चौथी हा शब्द वाचून मी जरा थबकले, कारण आपल्याकडेही गाठ चौथीलाच आहे. तू गावच्या मराठी प्राथमिक शाळेत शिकलीस. पाचवीला हायस्कुलात गेलीस आणि गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल सगळं एका मे महिन्याच्या सुट्टीत इंग्रजी झालं. ‘अपूर्णांक’ नीट येत असताना ‘फ्रॅक्शन’ ऐकून घाबरलेली मुलं मी दर जूनला पाहत आले. जी बडबडी होती ती गप्प होत. काहींना तोंड उघडायला दिवाळी लागे, काहींना सातवी. या मुलांसाठी कुणी निरोपसमारंभ केला नाही, कुणी त्यांना वार्षिक अंकात ‘माझे अनुभव’ लिहायला सांगितलं नाही. भाषा बदललेल्या वर्गात बसण्याचा तुझी ही दुसरी खेप होती. पहिल्या वेळी तू दहा वर्षांची होतीस. तेव्हा कशी तरलीस ते आईला विचार, तिला आठवत असेल.

त्यावरून गुणांच्या त्या प्रकरणाकडे येते. पहिल्या सत्रात इतिहासात तुला 4 मिळाला आणि बाईंनी सांगितलं, ‘तू वर्गात बोलत नाहीस.’ तिथे वर्गातल्या बोलण्याला गुण असतात, बऱ्याच विषयांत जवळजवळ लेखीइतकेच. तुझ्या इथल्या प्रगतिपुस्तकात पहिलीपासून ‘शांत व गुणी’ लिहिलेलं. ज्या गप्प बसण्यावर दहा वर्षं शाबासकी मिळाली त्याचेच तिथे गुण गेले, आणि तू त्याचा अर्थ ‘मी कमी पडले’ असा लावलास. मी तसा लावणार नाही. जर्मन वाक्य मनात जुळवून होईपर्यंत चर्चा दोन वळणं पुढे गेलेली असायची, हे तूच सांगितलंस. तो भाषेचा भाग होता आणि फेब्रुवारीपासून तो सुटत गेला. सवयीचा भाग मात्र अजून तुझ्याबरोबर आहे. ‘इथे प्रश्न विचारू देत नाहीत’ असं तू लिहितेस. परत आल्यापासून किती विचारलेस? पत्रात एकाचीही नोंद नाही. पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास आणि अठ्ठावन्न मुलं यांत चर्चा रंगणार नाही, हे मान्य. एक प्रश्न मावतो. दिवसाला एक, एकाच विषयात, आणि सरांनी ‘नंतर ये’ म्हटलं तर खरंच नंतर स्टाफरूममध्ये जाऊन. महिनाभर कर. मग ते वाक्य लेखात ठेवायचं का काढायचं, ते तुला कळेल.

तुझ्या लेखातला मला सर्वांत आवडलेला परिच्छेद बाईंनीही तसाच ठेवला आहे, त्यावर रेघ नाही. नाझींनी घरातून उचलून नेलेल्या माणसांच्या नावांच्या पितळी पट्ट्या तिथल्या फुटपाथात बसवलेल्या असतात, त्या माणसाच्या शेवटच्या राहत्या घरासमोर. 9 नोव्हेंबरला, म्हणजे 1938 मध्ये ज्यूंच्या दुकानांवर आणि प्रार्थनास्थळांवर हल्ले झाले त्या तारखेला, तुमचा वर्ग फडकी आणि ब्रासो घेऊन त्या पट्ट्या घासायला गेला. एकेक मूल नाव वाचत होतं, जन्मसाल, कुठे नेलं, कधी मारलं. एका मुलाला आपल्याच गल्लीतली पट्टी आली. त्या मुलांनी आपल्या गावानं काय केलं ते रस्त्यात उभं राहून मोठ्यानं वाचलं आणि गावानं त्यांना वैरी ठरवलं नाही. हे पाहून आलेल्या मुलीला आपल्या शाळेविषयी एक अवघड गोष्ट नीट सांगता यायला हवी. नीट म्हणजे ‘आपण’ म्हणून. ‘आपल्या शाळेत महिन्यातून एक तास फक्त मुलांच्या प्रश्नांचा ठेवता येईल का?’ हे वाक्य घेऊन अंक छापायला जायच्या आधी बाईंकडे जा. आणि लाल रेघेबद्दल राग न धरता विचार, की यातलं काय त्यांना लागलं. मला खात्री आहे, त्या बोलतील.

आता तो नोव्हेंबर.

तू वेळापत्रक लिहिलं आहेस. दुपारी दीडला शाळा सुटायची, साडेचार-पाचला अंधार पडायचा. आई रोज रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल करायची, सगळं आवरून, आजीला शेजारी बसवून. हिवाळ्यात आपली साडेनऊ म्हणजे तिथली संध्याकाळची पाच. तास-दीड तास बोलणं चालायचं. आणि सहाच्या सुमाराला तुझ्या होस्ट घरी पाव, चीज, काकडी असं थंड जेवण मांडून सगळे टेबलाभोवती बसायचे. घरातल्यांचं एकत्र बोलणं दिवसातून तेवढंच. त्याच वेळी तू खोलीत फोनवर, आणि नंतर फ्रिजमधलं काढून एकटी खाणारी. आईला दोष देऊ नकोस, माझी मुलगी तिथे असती तर मीही रोज फोन केला असता. तूही तो कॉल सोडू शकत नव्हतीस, कारण दिवसभरात तेवढंच मराठी-कोंकणी कानावर पडायचं. पण ते दार रोज बरोबर त्या तासाला बंद होत होतं, आणि होस्ट आईला वाटत होतं की या मुलीला आपल्यात बसायचं नाही. डिसेंबरात तिनं हे तुला विचारलं आणि तू रडलीस. त्यानंतर कॉल रविवारवर गेला, हेही तूच लिहिलंस. गोष्ट तिथून बदलली.

त्या वर्गमैत्रिणीचंही तू लिहिलं आहेस. तुर्की कुटुंबातली मुलगी, टॉयलेटबाहेर थांबलेली. तिनं ‘काय झालं’ असं विचारलं नाही. सावकाश जर्मनमध्ये एवढंच विचारलं, ‘जेवलीस का?’

तुला हे अपयश वाटतं. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेर्र लिसगार्ड यांनी 1955 मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांना असं दिसलं, की सहा महिन्यांहून कमी किंवा दीड वर्षाहून जास्त राहिलेल्यांपेक्षा मधल्या काळाइतकं राहिलेले लोक कमी रुळलेले होते. ती माणसं मोठी होती, तू सोळा वर्षांची. दहा महिने म्हणजे नेमका तो मधला पट्टा, आणि तू त्यात भाषा शिकून, 4 चा 2 करून परत आलीस. पुढे 1963 मध्ये गलाहॉर्न या अमेरिकन अभ्यासक दांपत्यानं लिहिलं, की घरी परतल्यावर तसाच एक उतार पुन्हा येतो. ‘इथेही परकी’ या तुझ्या शब्दांत मला तोच दिसतो. जायच्या वेळी त्याची कल्पना सगळे देतात, परत येण्याच्या वेळी कुणी देत नाही.

हा नोव्हेंबर लेखात घालायचा का? आज नको. बाबांना तो छापील अक्षरात पहिल्यांदा कळता कामा नये. ‘चांगलं तेवढंच लिही’ यामागे मला खर्चाइतकीच भीती दिसते. आपण मुलीला दूर पाठवून चूक केली का, ही भीती. तू त्यांना काहीच वाईट सांगितलेलं नाहीस, म्हणून ती तशीच आत राहिली आहे. एखाद्या रविवारी, घरात पाहुणे नसताना, दोघांना एकत्र बसव. शेवटापासून सुरू कर: ‘मला तिथे गेल्याचा आनंद आहे. पण दोन महिने वाईट गेले, ते मी तेव्हा सांगू शकले नाही.’ आईला कॉलचं सांगताना जपून सांग. हे बोलून झाल्यावर नोव्हेंबर तुझा आहे, छाप किंवा छापू नकोस. आणि अजूनही तसं कडी लावून बसावंसं वाटत असेल, झोप लागत नसेल, तर शाळेच्या समुपदेशकांकडे जा. तेवढ्यासाठी स्नेहसंमेलन संपायची वाट पाहू नकोस.

मैत्रिणींबद्दल. माझे काका 1952 मध्ये इंग्रजी मॅट्रिकसाठी बेळगावला गेले. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते आणि बेळगाव आम्हाला परदेशच होतं. गाडीनं येताना कॅसलरॉकला भारताची तपासणी, कुळ्याला पोर्तुगिजांची. मे महिन्यात घरी आले की काका प्रत्येक गोष्टीला ‘बेळगावात असं नसतं’ म्हणायचे, आणि वाड्यावरच्या मुलांनी त्यांचं नाव ‘बेळगावकर’ पाडलं होतं. आमच्या आजीनं त्यांना एक सांगितलं होतं, ते काका म्हातारपणीही सांगायचे: ‘आधी मला विचार, आमची गाय कधी व्याली.’ तुझ्या मैत्रिणींनाही ते वर्ष होतं. कुणी क्लास लावले, कुणाचं कुणाशी फाटलं, एकीचे आजोबा गेले, जात्रेच्या नाटकात एकीनं पहिल्यांदा काम केलं. त्या वर्षाबद्दल तू त्यांना काय काय विचारलंस? तुझ्या तीन पानी पत्रात त्यांच्या वर्षातली एकच गोष्ट आहे, की त्यांनी तुला नाव ठेवलं. जा आणि विचार. वर्षभराचं ऐकायला दोन-तीन संध्याकाळी लागतील. जर्मनी त्या स्वतःच काढतील.

अशी पत्रं मला दरवर्षी जुलै-ऑगस्टच्या सुमाराला येतात, म्हणून मुलं पाठवणाऱ्या आईवडिलांसाठी चार गोष्टी. तिथल्या एका वर्षाच्या गुणपत्रिकेनं इथली अकरावी भरून निघेल असं धरून चालू नका. परतल्यावर कोणत्या वर्गात घेणार, हे जाण्याआधी हायर सेकंडरीकडून लेखी घ्या आणि पर्वरीला गोवा बोर्डाकडे विचारून खात्री करा. बाहेरच्या देशाचं शालान्त प्रमाणपत्रच मिळवून येणाऱ्यांसाठी भारतीय विद्यापीठ महासंघ समकक्षता देतो, पण तो वेगळा विषय. वर्ष जाणार असेल तर ते मुलाला आधी सांगा आणि घरात सगळ्यांनी मान्य करा, मग परत आल्यावर कुणी ‘वर्ष वाया’ म्हणणार नाही. फोन आठवड्याला एक-दोन ठेवा, आणि वेळ तिथलं जेवण टाळून ठरवा. होस्ट घर जमलं नाही तर बदलून मागता येतं, त्यासाठी संस्थेनं नेमलेलं माणूस तिथे असतं, त्याचा नंबर मुलाच्या फोनमध्ये आणि तुमच्याही फोनमध्ये हवा. भाषा मात्र इथूनच जमेल तितकी शिकून जाऊ द्या. ‘तिथे गेल्यावर आपोआप येईल’ हे पहिले चार महिने खोटं असतं.

आणि मुली, तुझ्या पत्रातली आणखी दोन वाक्यं. तुझ्या अकरावीच्या वर्गात विजापूरकडचा एक मुलगा आहे, वडील बांधकामावर. कोंकणी कळते पण बोलायला लाजतो, इंग्रजी अडखळतं, मुलं मागून ‘घाटी’ म्हणतात, आणि मधल्या सुट्टीत तो जिन्याखाली एकटाच डबा खातो. हे तू लिहिलंस आणि लगेच दुसऱ्या विषयाकडे गेलीस. वर्गातल्या अठ्ठावन्न मुलांपैकी तो जिन्याखाली बसतो हे तुला दिसलं, कारण कडीच्या आतली बाजू तुला माहीत आहे.

लेखाला पंधरा दिवस आहेत. त्याआधी सोमवारी मधल्या सुट्टीत डबा घेऊन जिन्याखाली जा. काय बोलू, असा विचार करत बसू नकोस. त्या मुलीनं तुला जे विचारलं होतं, तेच विचार.